उरण्याआधी

पुण्यातल्या एखाद्या सोसायटीच्या फाटकाशी सकाळी कचरावेचक ताई घरोघरच्या ओल्या कचऱ्याच्या बादल्या आपल्या मोठ्या ड्रममध्ये उपड्या करत असतात, तेव्हा जरा थांबून पाहावं. चहाचा चोथा, केळ्यांची सालं, मेथीच्या काड्या त्यात असणारच. पण त्यांच्याबरोबर फॉइलमध्ये गुंडाळलेल्या चार पोळ्या जशाच्या तशा येतात. रबरसुद्धा न काढलेली कोथिंबिरीची जुडी काळी पडून येते. पातेल्याच्या बुडाचा आकार घेतलेला भात येतो आणि पावाचा अर्धा पुडा प्लॅस्टिकसकट येतो. ताई फॉइल सोडवतात, पाव पिशवीतून काढतात, जुडीचं रबर तोडतात. ओलं-सुकं वेगळं करून देण्याचं काम घराचं होतं. ते त्यांच्या हातांवर येऊन पडतं.

ही पुस्तिका सालांबद्दल आणि चोथ्याबद्दल नाही, त्या चार पोळ्यांबद्दल आहे. घरात शिजलेलं किंवा घरात आणलेलं, खाण्याजोगं असलेलं अन्न बादलीत का जातं आणि ते जाऊ नये म्हणून शेजारच्या घरांनी मिळून काय करता येईल, एवढाच तिचा विषय आहे. सोसायटी, चाळ, बचत गट, भिशी, ज्येष्ठ नागरिक संघ अशा आधीपासून एकत्र येणाऱ्या मंडळींसाठी ती केली आहे. प्रस्तावना लिहायला मी आनंदाने होकार दिला त्याला एक कारण आहे. अन्नाची नासाडी हा गृहिणीच्या टापटिपीचा प्रश्न आहे असं आपण वर्षानुवर्षं मानत आलो. ‘तिला अंदाज नाही’ असं म्हटलं की घरातल्या बाकीच्यांची सुटका होते. या पुस्तिकेने ती सुटका कोणालाही दिलेली नाही.

आधी आकडे, आणि ते नीट वाचायला हवेत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगभरची दुकानं, हॉटेल-खानावळी आणि घरं मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं साठ टक्के, म्हणजे ६३ कोटी टनांच्या आसपास, एकट्या घरांतून गेलं. घरगुती नासाडीची जागतिक सरासरी दरडोई वर्षाला ७९ किलो धरली आहे आणि भारताचा अंदाज ५५ किलोंचा आहे. या किलोंमध्ये सालं, कोयी, हाडं असा न खाण्याजोगा भागही मोजलेला असतो. शिवाय भारताचा आकडा मोजक्या ठिकाणच्या अभ्यासांवरून बांधलेला अंदाज आहे. म्हणून ‘प्रत्येक भारतीय माणूस ५५ किलो अन्न फेकतो’ अशी पाटी कोणी सोसायटीच्या फलकावर लावू नये. ते खरं होणार नाही आणि वाचणारा उगाच चिडेल. त्याच अहवालातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. श्रीमंत देशांतली घरं आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली घरं यांच्या नासाडीत दरडोई फरक निघाला तो फक्त सात किलोंचा. फेकणं हा अमेरिका-युरोपातल्या लोकांचा उद्योग, आपल्याकडे पानात टाकलेलं चालत नाही, हा आपला लाडका समज त्यापुढे टिकत नाही.

हा समज आला मात्र खऱ्या अनुभवातून. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली, रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीच्या भाकऱ्या घशाखाली ढकललेली माणसं अजून आपल्या घरांत आहेत. त्यांच्या हातून पोळी फेकली जात नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात काहीही उरलं तरी त्याचं पुढे काय करायचं ते ठरलेलं असे. पोळ्या उरल्या की सकाळी कुस्करा किंवा गूळ-तूप घालून लाडू. भाकरी उरली की ताकात कुस्करून, वर लसणीची फोडणी. वरण उरलं तर ते थालीपिठाच्या पिठात जाई. दोडक्याच्या शिरा तीळ घालून परतल्या की चटणी, मटाराच्या शेंगांची आतली पातळ साल काढून भाजी, कलिंगडाच्या पांढऱ्या गराची थालीपिठं, तूप कढवल्यावर तळाशी राहिलेली बेरी साखर घालून मुलांच्या हातावर. गोव्यात आदल्या दिवशीची माशांची आमटी मंद आचेवर आटवून दुसऱ्या दिवशी सकाळी खातात. ‘काल्ची कोडी’ ताज्या आमटीपेक्षा सरस, असं तिथली माणसं ठामपणे सांगतात. पुस्तिकेतलं पाककृतींचं प्रकरण मोठं आहे आणि ते वाचताना कोणाही मराठी माणसाच्या तोंडाला पाणी सुटेल.

पण त्या स्वयंपाकघरांबद्दल बोलताना एक गोष्ट गाळली जाते आणि ती इथे सांगायलाच हवी. काहीच वाया जात नसे, कारण उरलेलं घरातली बाई खात असे. ताजं पुरुषांना आणि मुलांना, सगळ्यांच्या मागून जेवायला बसलेल्या आईच्या किंवा सुनेच्या ताटात सकाळची पोळी आणि रात्रीची भाजी. काय उरलं, किती उरलं, याची नोंद झाली नाही, कारण ते तिच्या पोटात गेलं. आज अनेक घरांत हे बदललं आहे आणि बदललं ते फार चांगलं झालं. अन्न वाचवण्याच्या नावाखाली तो जुना भार पुन्हा तिच्यावर येणार असेल, तर अशी मोहीम न झालेली बरी. म्हणून कुस्करा कोण करतं याआधी तो आज कोण खाणार हे विचारा. शिळी पोळी खायची तर आळीपाळीने सगळ्यांनी.

आता नासाडी होते कुठे ते पाहू. चौघांचं घर आहे. सकाळी साडेसहाला कणीक मळली जाते तेव्हा रात्री कोण घरी जेवणार हे कोणालाच माहीत नसतं. मुलगा मित्रांबरोबर बाहेर खाऊन येतो, तसं कळवतो ते नऊ वाजता. सासऱ्यांचं पोट ठीक नाही, त्यांना फक्त मऊ भात हवा. मधल्या वेळात कोणीतरी फोनवरून पिझ्झा मागवलेला असतो. आमटीचं पातेलं मात्र चौघांच्या हिशेबानेच चढलेलं असतं, आणि त्यातही एक जास्तीची वाटी घातलेली असते, कारण अचानक कोणी आलं आणि कमी पडलं तर लाज वाटते. पाहुण्यासमोर भांडं खरवडावं लागणं हा आपल्याकडे घराण्याचा अपमान समजला जातो. भांड्यात उरलं तर कोणी काही म्हणत नाही. नासाडीचं मूळ जेवढं आळसात आहे, त्याहून जास्त या धाकात आहे, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं मूळ खरेदीत आहे. मंडई उठायच्या वेळी भाज्यांचे वाटे लागतात. वीस रुपयांत एवढी वांगी मिळाली म्हणून माणूस खुशीत घरी येतो. बहुतेक वेळा हा माणूस ती वांगी शिजवणारा नसतो, आणि घरात आधीच अर्धा किलो वांगी पडून आहेत हे त्याने पाहिलेलं नसतं. दोघांच्या घरात कोथिंबिरीची अख्खी जुडी आठवडाभरात संपत नाही. वरच्या मजल्यावरच्या घराचीही तीच अडचण असते. तिसरं मूळ फ्रिज. उरलेली भाजी वाटीत काढून फ्रिजमध्ये ठेवली की आपण ती फेकली नाही असं समाधान मिळतं. तीन दिवसांनी तीच वाटी मागच्या कोपऱ्यातून बाहेर निघते आणि मग ती निर्धास्तपणे टाकता येते.

डब्यांवरच्या तारखांचाही घोळ असतो. ‘बेस्ट बिफोर’ ही चवीची आणि दर्जाची मुदत आहे, त्या रात्री बारा वाजता बिस्किटं विषारी होत नाहीत. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ लिहिलेलं असेल तर मात्र ती तारीख पाळायची.

उरलेलं अन्न वाचवा म्हणताना भाताबद्दल सावध राहायला हवं, आणि पुस्तिकेत याला जागा दिली आहे याचा मला विशेष आनंद आहे. कच्च्या तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूची बीजं असू शकतात. भात शिजवताना ती सगळी मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर कोमट राहिला की ती रुजतात, जिवाणू वाढतात आणि विष तयार करतात. सकाळी खमंग फोडणी दिली तरी ते विष जात नाही. यावर उपाय अगदी साधा आहे. जेवणं झाली की उरलेला भात परातीत पसरायचा, वाफ गेली की झाकण लावून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवायचा, दुसऱ्या दिवशी एकदाच आणि कडकडीत गरम करून संपवायचा. उन्हाळ्यात तर यात हयगय नकोच. अन्न वाचवण्याच्या हट्टापायी घरात कोणी आजारी पडलं की त्या घराचा या कामावरचा विश्वास कायमचा उडतो.

उरलेल्याचं काय करायचं, या प्रश्नाला बहुतेक जण पटकन एकच उत्तर देतात: गरिबाला द्यावं. हे उत्तर देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, तरी महाराष्ट्रात हे वाक्य उच्चारताना आपला इतिहास आठवायला हवा. गावगाड्यात महारांना दारोदार फिरून भाकरी मागावी लागे, आणि ओंजळीत पडे ते बहुधा शिळंच. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, तसंच उष्टे-शिळे तुकडे घेणंही सोडायला सांगितलं. तुकडा नाकारणं ही तिथे माणुसकीच्या हक्काची पहिली पायरी होती. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी कामवाल्या ताईंच्या हातात परवाची भाजी ठेवून ‘वाया नको जायला’ म्हणताना आपल्याला अवघडल्यासारखं वाटत नसेल, तर वाटायला हवं. जे आपण स्वतः आज खाणार नाही ते दुसऱ्याला देऊ नये, हा नियम पुस्तिकेने पहिल्याच पानावर घातला आहे. मी त्याच्याशी पूर्ण सहमत आहे.

हा नियम पाळूनही देता येतं, आणि त्याचं चांगलं उदाहरण मराठवाड्यातच आहे. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, २०१५ च्या अखेरीस युसूफ मुकाती यांनी रोटी बँक सुरू केली. तिथे घरांनी उरलेलं आणून टाकायचं नव्हतं. सभासद घराने आपल्या रोजच्या स्वयंपाकात दोन ताज्या पोळ्या आणि थोडी भाजी जास्तीची करायची आणि ती आणून जमा करायची, अशी ती कल्पना होती. मुंबईत माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनी पुढे उभ्या केलेल्या रोटी बँकेचं काम सुरुवातीला मुख्यतः समारंभ आणि हॉटेलांतल्या न वाढलेल्या, चांगल्या अन्नावर चालायचं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये जास्तीच्या अन्नाच्या संकलनाचे आणि वाटपाचे स्वतंत्र नियमही केले. ही कामं मोलाची आहेत. तरी चौघांच्या घरातली दीड वाटी आमटी गोळा करून कोणाच्या पानात नेता येत नाही. अंतर, वेळ आणि स्वच्छता, तिन्ही आड येतात. घरगुती नासाडीचा खरा इलाज उरण्याच्या आधीच करावा लागतो. वाटप हा त्याचा फार लहान भाग राहील.

मेळघाटातल्या कुपोषित मुलाची आठवण देऊन पानातलं संपवायला लावण्याची आपल्याकडे रीत आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली, ही शरमेची गोष्ट आहे. पण पुण्याच्या कोथरूडमध्ये वाचलेली पोळी मेळघाटातल्या धारणीला पोहोचत नाही. ती मुलं सुधारायची तर अंगणवाडी, रोजगार, रेशन आणि आरोग्यसेवा सुधारली पाहिजे. आपण अन्न वाचवायचं ते वेगळ्या, तितक्याच खऱ्या कारणांसाठी. एक किलो तांदूळ पिकवायला जागतिक सरासरीने अडीच हजार लिटरच्या आसपास पाणी लागतं. कचरा डेपोत दाबून बसलेलं अन्न हवा न लागता सडतं आणि त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट उष्णता धरून ठेवतो. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार डेपोला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला होता. पुण्याचा कचरा अनेक वर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी मारला गेला. २०१७ मध्ये तिथल्या डेपोला आग लागली आणि गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, तेव्हा शहरातल्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले आणि त्या दुर्गंधीचा थोडासा अंश आपल्यापर्यंत आला. त्या गावांनी ती कायम सोसली होती.

कचरावेचकांचं ऋणही इथेच मान्य करायला हवं. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि २००८ पासून ‘स्वच्छ’ या कष्टकऱ्यांच्या सहकारी संस्थेने महापालिकेबरोबर घरोघरी कचरा गोळा करण्याचं काम घेतलं. घराने ओला आणि सुका कचरा वेगळा द्यावा हे २०१६ च्या घनकचरा नियमांनी देशभर बंधनकारक केलं; या बायका ते त्याच्या कितीतरी आधीपासून सांगत होत्या. ओल्या कचऱ्यातलं शिजलेलं अन्न जड असतं. ते वजन कोणीतरी जिन्यावरून खाली आणतं.

‘आमच्याकडे खत होतं’ असं अनेक सोसायट्या अभिमानाने सांगतात. खतनिर्मिती चांगलीच आहे. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवारापासून गच्चीवरच्या बागांपर्यंत महाराष्ट्राला तिची मोठी परंपरा आहे. पण खतात गेलेली पोळी ही वाचलेली पोळी नव्हे. गहू पिकवणं, दळणं, मळणं, भाजणं हे सगळे कष्ट तिच्याबरोबर मातीत जातात. शिवाय ज्यांनी सोसायटीचा खड्डा सांभाळला आहे त्यांना विचारा: वास येतो, अळ्या होतात, ते बहुधा तेलकट भाज्या आणि भाताचे गोळे यांमुळे. सालं आणि पालापाचोळा यांचं गुपचूप खत होतं. खड्डा नीट चालावा असं वाटत असेल, तर त्याची सुरुवात चौथ्या मजल्यावरच्या ओट्यावर करावी लागते.

ती कशी करायची? पुस्तिकेत अनेक उपाय आहेत, मला त्यांतला सगळ्यांत साधा सगळ्यांत मोलाचा वाटतो. ओट्यावर एक जुना स्टीलचा डबा ठेवायचा. आठवडाभर खाण्याजोगं पण टाकलेलं अन्न आधी त्या डब्यात, मग बादलीत. सालं-देठं त्यात नाहीत. शेजारी वही. ‘मंगळवार, भात दोन वाट्या, राहुल बाहेर जेवला, उशिरा कळलं.’ ‘गुरुवार, दही, आंबट झालं, दोन डबे एकदम आणले होते.’ कारण लिहिणं सक्तीचं, दोष कोणाला द्यायचा नाही. घरातल्या प्रत्येकाने आपण टाकलेलं आपल्या हाताने लिहायचं. ही अट पुरुषांना आणि मुलांना सगळ्यांत आधी लागू. आठवड्याच्या अखेरीला तीच दोन-तीन कारणं पुन्हा पुन्हा आलेली दिसतात, आणि उपाय कोणी शिकवायची गरज राहत नाही. रात्रीचं जेवण कोणाचं ते चार वाजेपर्यंत कळवायचं, असा नियम घर स्वतःच करतं.

मग भिशी. महिन्यातून एकदा दहा-बारा जणी किंवा जण जमतातच, तिथे वह्या उघडायच्या. एकट्या घराला जी गोष्ट आपला गबाळेपणा वाटत होती, ती बाराही वह्यांत आहे हे कळलं की लाज गळून पडते आणि काम सुरू होतं. जुडी चौघींत वाटून घेणं, गावाला जाताना फ्रिजमधलं शेजारी आधीच देऊन जाणं, सोसायटीच्या गणपतीच्या महाप्रसादासाठी आधी नावं घेऊन मगच तांदूळ मोजणं, हे सगळं ओळखीच्या माणसांतच जमतं. पाहुण्यांपुढे कमी पडण्याचा धाकही असाच जातो: शेजारच्या घरातून दोन पोळ्या पाच मिनिटांत मागवता येतात ही खात्री असली की जास्तीची वाटी घालावी लागत नाही. बंद दारांच्या फ्लॅटमध्ये ही खात्री संपली आणि पातेली मोठी झाली.

याला चिकाटी मात्र लागेल. ब्रिटनमध्ये रॅप या संस्थेने २००७ मध्ये घरगुती नासाडीविरुद्ध देशव्यापी मोहीम उघडली. २०१२ पर्यंत तिथली टाळता येण्याजोगी घरगुती नासाडी सुमारे २१ टक्क्यांनी उतरली. त्या काळातल्या महागाईचाही त्यात वाटा होता. पुढची काही वर्षं आकडा अडून बसला. २०३० पर्यंत दरडोई नासाडी निम्म्यावर आणण्याचं उद्दिष्ट जगातल्या देशांनी मान्य केलं आहे आणि ते वर्ष आता दाराशी आलं आहे.

पुस्तिकेच्या शेवटी आठवड्याभराच्या नोंदींसाठी सात कोरी पानं जोडली आहेत. माझी विनंती अशी की पाककृतींचं प्रकरण उघडण्याआधी ती भरा, आणि घरातल्या सगळ्यांकडून भरून घ्या. पुढच्या भिशीला वही बरोबर न्या. दोन-तीन महिन्यांनी तुमच्या गटाच्या वह्यांत काय बदललं, काय बदललं नाही आणि कोणता उपाय फसला, ते संपादकांना कळवा. पुढची आवृत्ती त्या नोंदींवरूनच करायचं ठरलं आहे.